दुकानाबाहेरचा उजेड

"पडद्यांच्या रंगावरून कुणी तुमच्याकडे येतं का हो?" खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं.

येतात. मी समुपदेशक आहे, आणि फ्लॅटचा ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तर बरेच येतात. कुणाचं देवघराच्या जागेवरून अडलेलं असतं, कुणाचं टाइल्सवरून, कुणाचं सोफ्यावरून. आणि बहुतेकांच्या मनात एकच भीती असते. ती तिनेही लगेच बोलून दाखवली: "एवढीशी गोष्ट मला ठरवता येत नाही. माझ्यात काही बिघडलंय का?"

तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीने हा अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३४, नोकरी बँकेत. पुण्यात बाणेरच्या पलीकडे अकराव्या मजल्यावर नवा फ्लॅट. हॉल, जेवणाचं टेबल आणि ओटा असं सगळं एकसलग, मधे एकही भिंत नाही. हॉलला पश्चिमेकडे दहा फुटांचं सरकतं काचेचं दार, टेबलाशी उत्तरेची खिडकी, ओट्यावर पूर्वेची छोटी खिडकी. राहायला येऊन आठ महिने झाले होते, तरी काचेच्या दारावर जुन्या चादरीच चिमट्यांनी अडकवलेल्या होत्या. पाहुणे यायचे म्हटलं की तिच्या पोटात गोळा यायचा. फोनमध्ये पडद्यांचे चारशेच्या वर फोटो, पिशवीत कापडाचे २८ नमुने. नवऱ्याशी शेवटचं भांडण झालं ते त्यातल्याच एका नमुन्यावरून, रात्री साडेअकराला.

आधी मी नेहमी विचारते ते सगळं विचारलं. झोप लागते का, जेवण जातं का, पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता रमतं का. निर्णय न घेता येणं हे नैराश्याचंही एक लक्षण असू शकतं. सोबत दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ उदासी, झोपमोड, कशातच रस नसणं असेल, तर त्याचं खापर पडद्यांवर फोडून चालत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावं, निदान टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं. तिचं तसं काही नव्हतं. बँकेत ती कर्जाच्या फायली तपासते, रोज होकार-नकार देते. अडत होतं ते घरीच.

आणि इथे माझ्याकडून चूक झाली. मी पडदे बाजूला सारले आणि नवऱ्याशी कसं आहे, सासूबाईंशी कसं आहे, माहेरी कसं होतं, हे विचारत बसले. तिने पाऊण तास शहाण्या मुलीसारखी उत्तरं दिली. उठताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारलंत ते बरोबरच असेल. पण मला खरंच पडदे लावायचेत."

आठवडाभर ते वाक्य मला टोचत राहिलं. आमच्या कामात प्रत्येक गोष्टीच्या मागे दुसरं काहीतरी शोधायची सवय लागते. माणूस जे घेऊन येतो, त्याच्याकडे आधी नीट बघायचं राहून जातं. 'पडदे म्हणजे काय मोठी गोष्ट?' हे तिने घरी पुष्कळदा ऐकलं होतं. वेगळ्या शब्दांत मीही तेच ऐकवलं होतं.

दुसऱ्या भेटीला मी तिला नमुन्यांची पिशवी घेऊनच यायला सांगितलं. टेबलावर सगळे मांडले. प्रत्येकाची एक हकीकत होती. हा राखाडी दुकानात सुरेख होता, घरी आणला तर निळा पडला. हा डाळिंबी सकाळी आवडला, दिवेलागणीला काळाठिक्कर. हा पिस्ता रात्री आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. आणि प्रत्येक हकीकतीच्या शेवटी ती म्हणायची, "माझंच मन स्थिर नाही."

मी तिला म्हटलं, तुमचे डोळे अगदी बरोबर सांगताहेत. त्या कापडाचा रंग खरोखरच बदलतो.

दुकानात पांढरेशुभ्र दिवे असतात, साधारण ६५०० केल्विनचे. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप: आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर. तिच्या हॉलमध्ये होते पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे. रंग डोळ्यांपर्यंत येतो तो उजेडावर स्वार होऊन. उजेडातच निळा कमी आणि पिवळा जास्त असेल, तर कापड तरी दुसरं काय दाखवणार? एका दिव्याखाली हुबेहूब जुळणारी दोन कापडं दुसऱ्या दिव्याखाली जुळत नाहीत, असंही होतं, कारण त्यांतले रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असतात. रंगाचं काम करणारे त्याला मेटामेरिझम म्हणतात. डाळिंबी संध्याकाळी काळवंडतो, त्याचं कारण तर आपल्या डोळ्यांतच आहे. उजेड कमी झाला की डोळ्यांना लाल आधी दिसेनासा होतो, निळा-हिरवा उशिरापर्यंत टिकतो. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १९व्या शतकातच हे नोंदवून ठेवलं आहे.

आणि तिच्या घराची रचनाच अशी की अडचण तिप्पट व्हावी. बंद खोलीला एका वेळी एकाच बाजूचा उजेड असतो, आपण तेवढ्यापुरता रंग ठरवतो. इथे उत्तरेचा थंड निळसर उजेड, पश्चिमेचं दुपारनंतरचं तांबूस ऊन आणि ओट्यावरचे दिवे एकाच नजरेत येतात. शिवाय सोफा, टेबल, किचनची कपाटं, सगळंच एकमेकांना दिसतं. २८ नमुने आणि दिवसाचे चार प्रहर. ११२ रंग बघत होती ती, आणि स्वतःला धरसोड म्हणत होती.

हे ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझं काही एक धड ठरत नाही," हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. फ्रॉकच्या रंगापासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत. आठ महिने ते नमुने रोज संध्याकाळी तिला त्याच वाक्याचा पुरावा देत होते. माहेरचं मी आदल्या आठवड्यात खोदून विचारलं होतं तेव्हा हे वाक्य आलं नव्हतं. कापडं समोर मांडल्यावर आपसूक आलं.

मग मी सहज विचारलं, "साडी कशी घेता?"

ती हसली. "साडीला मला दहा मिनिटं पुरतात. लक्ष्मी रोडला गेलं की आवडलेली साडी उचलायची, दुकानाच्या दारात न्यायची आणि बाहेरच्या उजेडात धरायची. आतल्या दिव्यांवर कोण विश्वास ठेवतं?" आणि बोलता बोलता ती थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे मला आईंनी शिकवलंय. लग्नाच्या बस्त्याच्या वेळी."

आई म्हणजे सासूबाई. आठ महिन्यांत त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असंही नाही. पडदे म्हणजे इंटिरियर, आणि इंटिरियर म्हणजे आपलं काम, असं तिने आणि नवऱ्याने धरूनच चाललं होतं.

तिला मी चार दिवसांचं काम दिलं. २८मधले पाचच नमुने निवडायचे. तळहाताएवढे तुकडे नकोत. दुकानातून निदान एक-एक मीटर कापड आणायचं, चुण्या घालून खिडकीवर टांगायचं. टेबलावर सपाट पसरलेलं कापड आणि मागून ऊन येणारा पडदा यांत फार फरक पडतो. पातळ कापडातून उजेड आरपार आला की त्याचा रंगच दुसरा होतो, अस्तर लावलं की तिसरा. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दिवे लावून बघायचं. चारही दिवस ठरवायचं काहीच नाही, बघायचं फक्त.

तिसऱ्या भेटीला तिघंही आले.

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. "मी तिला पहिल्या दिवसापासून सांगतोय, तुला आवडेल ते घे." त्याला हे मनापासून मोठेपणाचं वाटत होतं. हे वाक्य माझ्याकडे फार जण बोलतात, म्हणून त्याबद्दल स्पष्टच सांगते. 'तुला आवडेल ते घे' म्हणणारा माणूस निर्णयातून बाहेर पडतो आणि परीक्षक होऊन बसतो. चुकलं तर चूक एकटीची. आणि ही चूक स्वस्तही नसते. दहा फुटांच्या दाराला चुण्यांसाठी दुप्पट कापड धरलं, तर ४८ इंची पन्ह्याचे पाच तुकडे लागतात, प्रत्येकी नऊ फुटांचे. एका दारालाच झालं जवळपास १४ मीटर कापड. वर अस्तर, शिलाई, रॉड. गृहकर्जाचा हप्ता चालू असताना एवढं कापड एकटीच्या जबाबदारीवर फाडायला कुणाचाही हात थरथरेल.

मी त्याला आवडनिवड विचारलीच नाही. फक्त एक 'नको' मागितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "राखाडी नको. ऑफिसात दिवसभर तेच बघतो. आणि घरून काम असलं की चार ते सहा लॅपटॉपवर ऊन येतं, ते थांबलं तर बरं." हे तिला आठ महिन्यांत पहिल्यांदा कळत होतं. "अरे, मग बोलला का नाहीस?" "तू विचारलंस कुठे? तू फोटो दाखवायचीस."

सासूबाई तोवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. साताऱ्याकडच्या गावात त्यांचं आयुष्य गेलेलं. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला काय हवंय?"

"मला रंगाचं काही नाही बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर. सोप्यात कुणी आलं तरी आम्ही माजघरात हसत-बोलत असायचो. इथे दार उघडलं की माणूस थेट ओट्यावर. मी जेवत असले आणि कुणी आलं, तर ताट घेऊन आत जाते. पलंगावर बसून जेवते."

त्या दोघांना हे माहीत नव्हतं. दोघंही त्या वेळी कामावर असतात. खोलीत बराच वेळ कुणीच बोललं नाही.

मोकळ्या घराला माझा विरोध नाही. ओट्याशी उभी असलेली बाई त्यात एकटी पडत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण जुन्या घरातलं माजघर गेलं आणि त्याच्या जागी काय, हे कुणी ठरवलं नाही. बाहेरच्यांना दिसायचं नाही आणि घरच्यांपासून तुटायचंही नाही, अशी ती मधली जागा. भिंत पाडताना तिचा हिशेब धरायचा राहून जातो. मग पाऊणशेच्या घरातली बाई पलंगावर ताट घेऊन बसते.

रंगाचा तोडगाही शेवटी काकूंनीच काढला, आणि तो मला सुचला नसता. सून पाचही कापडांचं पुराण सांगत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, साडीसारखं बघ ना. अंग सगळीकडे एकच ठेव. काठ खिडकीगणिक बदल. तू सगळीकडे पदरच पसरायला निघालीस, म्हणून गोंधळ होतोय."

अंग ठरलं गव्हाळ, चारही वेळांना त्यातल्या त्यात कमी बदलणारं. पश्चिमेच्या दाराला खाली चार बोटं आमसुली काठ. संध्याकाळी काळपट दिसेल, पण काठ काळपट दिसला तर शोभतोच. उत्तरेच्या खिडकीला मोरपंखी. पश्चिमेला जाड अस्तर, म्हणजे लॅपटॉपवरचं ऊन थांबेल आणि उन्हाने कापडही लवकर विटणार नाही. हॉल आणि टेबल यांच्या मधे छताला रूळ बसवून त्याच गव्हाळ रंगाचा झिरझिरीत पडदा. एरवी भिंतीशी गोळा करून ठेवायचा, कुणी आलं की ओढायचा.

तरीही ती चाचरत होती. "याहून चांगलं काहीतरी मिळालं असतं तर?" मी तिला हर्बर्ट सायमन यांच्याबद्दल सांगितलं. १९७८चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस. माणसं सर्वोत्तम शोधत नाहीत, पुरेसं कशाला म्हणायचं ते ठरवतात आणि त्यात बसणारी पहिली गोष्ट घेतात, असं त्यांनी मांडलं. कर्जाची फाइल ती अशीच मंजूर करते: निकष आधी, फाइल नंतर. पडद्यांच्या बाबतीत ती फायली आधी उघडत होती. मग आम्ही तिचे निकष लिहिले. घरी धुता यावं. राखाडी नसावं. संध्याकाळी अंगावर येऊ नये. आईंना टेबलावर बसून जेवता यावं. खर्चाचा आकडा नवऱ्याने स्वतः लिहिला आणि खाली दोघांनी सही केली. पैसे भरल्यावर फोनमधले चारशे फोटो काढून टाकायचे, ही अट माझी.

कापड घ्यायला सासू-सून गेल्या. दुकानदार बिल करणार, तेवढ्यात काकूंनी तागा उचलायला लावला आणि दारात नेऊन उन्हात धरला.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. पडदे लागले होते. मधला पडदा दोनदा ओढला होता, दोन्ही वेळा काकू टेबलावर होत्या. मी विचारलं, "आणि ओट्यावरची खिडकी?" तिथे लांब पडदा नको, गॅस जवळ आहे, हे आमचं आधीच बोलून झालं होतं.

"तिचं अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "फोडणीचं तेल उडतं, म्हणून आई अर्धा पडदा म्हणतात आणि हा काहीच नको म्हणतो. दिवाळी झाली की बघू." मागून कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.