शेतातला कळप मोठा झाला म्हणजे हरणे वाढली का?

प्रश्न : आमची वडिलोपार्जित शेती करमाळा तालुक्यात आहे. दिवाळीनंतर गावी गेलो असता गुडघाभर ज्वारीत ४० हरणांचा कळप दिसला. १० वर्षांपूर्वी सहा-सातच्या वर कधी दिसत नसत. हरणे इतकी वाढली कशी?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण पाहिलेले प्राणी बहुधा काळवीट असावेत. काटेकोरपणे पाहता काळवीट हे हरीण नव्हे, कुरंग (अँटिलोप) होय. आपल्या ठाण्याजवळच्या येऊर जंगलातील चितळ-सांबरांची (ही खरी हरणे) शिंगे गळून पुन्हा उगवतात, काळविटाची आयुष्यभर टिकतात. बोलीत सगळी हरणेच, म्हणून येथेही तोच शब्द चालू ठेवतो.

कळप मोठा दिसला एवढ्यावरून संख्या वाढली, असे मात्र म्हणता येत नाही. येऊरच्या दाट झाडीत भेकर हे लहान हरीण बहुधा एकटे दिसते, कारण तेथे लपून राहण्यातच बचाव असतो. उघड्या रानात आडोसा नसल्याने अनेक डोळ्यांचा पहारा कामी येतो. युरोपातील रो हरीण जंगलात एकेकटे किंवा दोन-तीनच्या गटात राहते, पण पोलंडच्या मोकळ्या शेतांत हिवाळ्यात त्याच जातीचे मोठमोठे कळप जमतात. आपल्या शिवारात पाण्याबरोबर ऊस वाढला असेल, तर नजर आणि वेग यांवर जगणारा काळवीट त्या उंच, दाट पिकात राहणे टाळतो आणि पूर्वी चार माळांवर विखुरलेले प्राणी उरलेल्या एका माळावर आणि आपल्या ज्वारीत गोळा होतात. मला तरी हीच शक्यता अधिक वाटते.

खरी वाढ जन्म, मृत्यू, येणारे आणि जाणारे यांच्या हिशेबावर ठरते. काळविटाची मादी सुमारे सहा महिन्यांच्या गर्भकाळानंतर एकच पाडस देते आणि ते सुरुवातीचे दिवस गवतात दडून काढते. कुत्री व लांडगे तेव्हाच त्याला गाठतात. पाडसे किती जगतील हे वर्षागणिक बदलते. प्रौढ माद्या मात्र बहुतेक वर्षी टिकतात, आणि त्या कठडा नसलेल्या विहिरीत पडून किंवा कुत्र्यांच्या पाठलागात मरू लागल्या, तर संख्या फार लवकर घसरते.

म्हणून पुढच्या वेळी नुसती डोकी मोजू नका. दरवर्षी त्याच महिन्यात, शेजारच्या गावांसह एकाच सकाळी मोजणी करा आणि माद्यांमागे पाडसे किती, हे वेगळे लिहून ठेवा.