बसलेला आवाज आणि छातीपर्यंत जाणारी नस

प्रश्न (नौपाड्यातील शिक्षिका) : थायरॉईडची गाठ काढून दीड महिना झाला. आवाज फुसका येतो, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. नस कापली गेली असेल का?

उत्तर : कापलीच गेली असे लगेच धरून चालू नका. स्वरतंतू हलवणारी नस थायरॉईडच्या मागून, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर चढते. गाठ उचलताना ती ताणली जाते, सुजेत दबते किंवा रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाच्या उष्णतेने दुखावते, आणि अशी अखंड राहिलेली नस बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत पुन्हा काम करू लागते. मात्र थांबायचे ते तपासणी करून. नाकातून बारीक दुर्बीण घालून रुग्णाला 'ई' म्हणायला सांगितले की निरोगी स्वरतंतू सरकून मधे येतो आणि लुळा पडलेला जागीच राहतो. मधल्या फटीतून हवा निसटते, म्हणून बोलताना दम लागतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. आवाजाचे व्यायाम आत्तापासूनच तज्ज्ञांकडून शिकून घ्या. ओरडून शिकवणे तेवढे बंद ठेवा.

प्रश्न (नेरूळ) : वडील ६८ वर्षांचे, अनेक वर्षे विडी ओढणारे. दोन महिने आवाज घोगरा आहे. डावा स्वरतंतू हलत नाही, म्हणून डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. दुखणे घशाचे, मग छाती कशासाठी?

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे अगदी योग्य आहे. मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या मज्जातंतूची ही फांदी डाव्या बाजूला थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळते आणि मग मानेतून परत वर स्वरयंत्राकडे येते. उजवी नस गळ्याच्या तळाशीच, खांद्याकडे जाणाऱ्या रोहिणीला वळसा घालते. डाव्या नसेचा रस्ता असा लांबचा असल्यामुळे फुप्फुसाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग, क्षयाने सुजलेल्या गाठी, महारोहिणीचा फुगवटा यांपैकी काहीही तिला वाटेत गाठू शकते. झडप अरुंद होऊन हृदयाचा डावा कप्पा फुगला तरी आवाज बसतो, हे व्हिएन्नातील नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ मध्येच नोंदवले होते. घसा दुखत नाही म्हणून स्कॅन पुढे ढकललेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यात वाया गेलेले आठवडे मला आजही सलतात. कवटीच्या तळापासून छातीपर्यंतचा स्कॅन याच आठवड्यात करून घ्या.

प्रश्न (कळवा) : आई दहा दिवस व्हेंटिलेटरवर होती. घरी आल्यापासून नुसती कुजबुज ऐकू येते.

उत्तर : श्वासनळीत घातलेल्या नळीच्या फुग्याचा दाब नसेवर पडू शकतो, कधी स्वरयंत्राचा लहानसा सांधाही निखळतो, आणि दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने दुर्बिणीने पाहणे आवश्यकच आहे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर दोन्ही स्वरतंतू मध्यभागी अडकले असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्यांना त्याच क्षणी रुग्णालयात न्या.