जुन्या जग्वार विमानात नवं रडार बसवलं की ते नव्या विमानाच्या तोडीचं होतं का?

नाही, नजर आणि नेम सुधारतो, इंजिनाचा जोर आणि सांगाड्याचं वय तेच राहतं. आपल्या हवाई दलात जग्वार हे जमिनीवरच्या लक्ष्यांवर बॉम्ब टाकणारं विमान १९७९ पासून आहे. 'डॅरिन-३' सुधारणेत काही विमानांना इस्रायली एईएसए रडार (अँटेना न फिरवता विजेनं झोत वळवणारं), नवा मिशन कॉम्प्युटर आणि कॉकपिटमध्ये डिजिटल पडदे मिळाले, इंजिन मात्र जुनंच, 'अदूर' नावाचं. हनीवेल या अमेरिकी कंपनीचं जास्त ताकदीचं इंजिन बसवायचा बेत २०१९ मध्ये खर्चापायी बारगळला. खरी गोची तिथंच आहे: पूर्ण बॉम्बभार घेऊन गरम हवेत उडताना जोर कमी पडतो, तिथं रडार काय करणार! अर्थात अपग्रेड वाया जातं असंही नाही. नवं रडार, हवेतल्या विमानांवर मारा करणारी आर-७३ क्षेपणास्त्रं आणि हेल्मेटवरूनच नेम धरायची सोय मिळाल्यामुळे मिग-२१ बायसन (जुन्या मिग-२१ ची सुधारित आवृत्ती) सप्टेंबर २०२५ पर्यंत सेवेत टिकलं.