पोस्टजीआयएसचा (पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नकाशाचा डेटा ठेवायची जोड) बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवताना 'जॉमेट्री टाइप अस्तित्वात नाही' अशी एरर येते, काय करू?

नव्या सर्व्हरवर आधी पोस्टजीआयएसचं पॅकेज टाका, रिकाम्या डेटाबेसमध्ये 'क्रिएट एक्स्टेन्शन पोस्टजीआयएस' चालवा आणि मगच बॅकअप रिस्टोअर करा. बॅकअपमध्ये पोस्टजीआयएसची फंक्शनं नसतातच, एक्स्टेन्शन बनवायची एक ओळ तेवढी असते. ती फसली की नकाशाचं प्रत्येक टेबल गळतं. म्हणून लॉगमधली पहिली एरर वाचा, बाकीचा आरडाओरडा सोडा. रावेर-यावलच्या केळीच्या गटांचा डेटा मी असाच चढवला. नंतर एसआरआयडी, म्हणजे डेटा कोणत्या निर्देशांक पद्धतीत आहे ते सांगणारा नंबर, तपासा. डेटा यूटीएममध्ये (जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) असेल तर आपल्या जळगावकडे ३२६४३ यायला हवा. फक्त जुन्या सर्व्हरवर पोस्टजीआयएस २.५ असून रास्टर (उपग्रहचित्रासारख्या चौकटींच्या डेटाची) टेबलं असतील, तर 'पोस्टजीआयएस_रास्टर' हेही आधी बनवा, ३.० पासून ते वेगळं झालंय.