दहावीनंतर गणित सोडलं, आता जीआरईचं क्वांट जमेल का?

हा प्रश्न मला दर सीझनला येतो. जीआरई म्हणजे बाहेर एमएसला जाण्यासाठी देतात ती परीक्षा, आणि क्वांट म्हणजे तिचा गणिताचा भाग. विचारणारे बहुतेक बायोवाले, आर्ट्सवाले, कधी कॉमर्सचे पण. परवा एकीने परत विचारला म्हणून गेल्या वर्षीची एक केस लिहितेय, तिला विचारूनच, ओळख पटेल असं सगळं काढून.

मुलगी निफाडकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावीला बायो ग्रुप घेऊन गणित सोडलं, मेडिकलसाठीची नीट परीक्षा दिली, नंतर बीएस्सी ॲग्री. आता शेवटच्या वर्षाला होती आणि बाहेर एमएस करायचं डोक्यात होतं. वडिलांना घेऊन आली आणि खुर्चीत बसल्या बसल्या रडायलाच लागली. पॉवरप्रेपची, म्हणजे जीआरई घेणाऱ्यांचीच सराव टेस्ट दिली होती, क्वांटला १४८. वडील शांतपणे म्हणाले, "मॅडम, १७० पैकी १४८ म्हणजे ८७ टक्के झाले की, मग ही रडती कशाला?" कांद्याच्या पट्टीवरची हमाली तोलाई तोंडी करणारा माणूस, हिशोब बरोबरच होता त्यांचा. फक्त जीआरईचा स्कोअर शून्यापासून नाही, १३० पासून सुरू होतो. हे ऐकून ती अजूनच रडली.

"मॅडम, माझं गणितच कच्चंय. पहिल्यापासून."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर काही बोलतच नाही, सरळ पेपर काढायला लावते. क्वांटचे एकूण प्रश्न २७, पहिल्या सेक्शनला १२ आणि २१ मिनिटं, दुसऱ्याला १५ आणि २६ मिनिटं. तिचे १४ चुकले होते. म्हटलं एकेक चूक बघू आणि प्रत्येकीपुढे लिहू का चुकली ते, "सिली मिस्टेक" असं लिहायचं नाही, ते काही कारण नसतं. दीड तास गेला त्यात. वडील बाहेर चहा पिऊन आले दोनदा.

१४ मधली गणित येत नाही म्हणून चुकलेली निघाली ४. प्रमाण विचलन, काँबिनेशन, वर्तुळाचे दोन. बाकी १० चं गणित तिला येत होतं!

त्यातली ४ तर निव्वळ शब्दांनी खाल्ली होती. एक सांगते, मला स्वतःला फार आवडली ती. प्रश्नात मीडियन विचारला होता आणि हिने सरासरी काढली होती, अगदी सुबक, बरोबर. का? तर मीडियन म्हणजे मधला, मधला म्हणजे मध्य, आणि आपल्या पुस्तकात मध्य म्हणजे मीन! मीडियनला आपण मध्यक म्हणतो. एका "क"ने प्रश्न गेला. तसंच नॉन-निगेटिव्ह म्हणजे हिने धन संख्या धरली आणि शून्य सोडून दिलं. इंग्लिश मीडियमच्या पोरांना हे होत नाही असं नाही पण त्यांचं कारण वेगळं असतं.

यावर उपाय फुकटातला आहे. बालभारतीच्या साईटवर आठवी नववी दहावीची गणिताची पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंग्लिशमध्येही, तेच धडे तीच गणितं. दोन्ही शेजारी शेजारी उघडायची. लसावि इकडे, एलसीएम तिकडे. क्रमागत इकडे, कॉन्सिक्युटिव्ह तिकडे. महागडा कोर्स लावायच्या आधी हे तीन आठवडे करा असं मी सगळ्यांनाच सांगते, फार थोडे ऐकतात, पुस्तकावर "इयत्ता आठवी" लिहिलेलं बघून लाज वाटते म्हणे. अरे पण जीआरईला ट्रिग्नॉमेट्री नाही, कॅल्क्युलस नाही, दहावीच्या आसपासचंच अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि डेटा आहे, मग लाज कसली.

पुढचे ३ तिने कोरे सोडले होते. म्हटलं का गं? "निगेटिव्ह मार्किंग असेल ना." नीटची सवय. जीआरईला निगेटिव्ह मार्किंग नसतंच, कोरा सोडणं म्हणजे नुसतं नुकसान. आणि ते कोरे राहिले कशाने तर एका प्रश्नावर ही सहा मिनिटं बसली होती, कच्च्या कागदावर "दिलेले आहे" पासून सगळ्या पायऱ्या मांडून! बोर्डात पायऱ्यांना मार्क असतात, इथे कोण बघतंय पायऱ्या. एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास मिळतात. अडला की काहीतरी टिक करायचं, मार्क करून ठेवायचा, पुढे जायचं, त्याच सेक्शनमध्ये वेळ उरला तर परत येता येतं.

राहिले ३. हे क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझनचे, म्हणजे दोन राशी देतात आणि कुठली मोठी विचारतात, चौथा पर्याय "सांगता येत नाही". प्रश्न असा होता, क्ष शून्यापेक्षा मोठा आहे, तर क्ष चा वर्ग मोठा की क्ष मोठा. हिने लिहिलं वर्ग मोठा. २ घालून बघितले, ३ घालून बघितले, ५ पण घातले, झालं.

मी म्हटलं, "घरी आजोबा आहेत का? त्यांना पावकी निमकी येते, ते पाव-अर्ध्याचे जुने पाढे?"

"येते की. सवायकी, दिडकी सगळं येतं, आम्हाला लहानपणी विचारायचे."

"मग निम्म्याचं निम्मं किती?"

"पाव."

"पाव मोठा का निम्मा मोठा?"

ती थांबली. मग हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. अर्ध्याचा वर्ग पाव, म्हणजे लहान झाला, आणि १ घातला तर दोन्ही सारखे. उत्तर "सांगता येत नाही". हे तिला घरातच शिकवलेलं होतं, फक्त क्ष दिसला की हात आपोआप २, ३, ५ कडे जायचा. मग वहीच्या पुठ्ठ्यावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, शून्य, एक, निम्मा, उणे. क्ष बद्दल काही सांगितलेलं नसेल तर हे चारही घालून बघायचे. आणि आकृती बघून अंदाज नाही करायचा, भूमितीच्या आकृत्या मापात काढलेल्या असतीलच असं नाही.

त्यानंतर अकरा आठवडे, रोज दीड तास, रविवार सुट्टी. शिकवायला मी नव्हते, माझं काम पंधरा दिवसांनी ती चुकांची वही बघणं एवढंच. मध्ये एकदा रात्री साडेदहाला फोन, "मॅडम दुसरा सेक्शन खूपच अवघड गेला, संपलं सगळं." कुठल्यातरी सराव टेस्टचा दुसरा सेक्शन होता. मी म्हटलं अगं पहिला बरा गेला म्हणूनच दुसरा अवघड आला, ही परीक्षा तशीच बनवलीय, पहिल्या सेक्शनवरून दुसऱ्याची पातळी ठरते. अवघड लागला तर रडायचं नाही. तिला पटलं की नाही माहीत नाही, पण झोपली असावी.

पॉवरप्रेपच्या फुकट टेस्ट दोन असतात, दुसरी आम्ही राखून ठेवली होती, परीक्षेच्या दहा दिवस आधी दिली. १५८. प्रमाण विचलन तेव्हाही चुकलंच, पण मीडियन बरोबर.

खऱ्या परीक्षेत स्कोअर तिथेच स्क्रीनवर दिसतो. सेंटरच्या बाहेर येऊन तिने फोन केला, क्वांट १६०. इंजिनिअरिंगवाल्यांच्या मानाने हा काही फार मोठा आकडा नाही, पर्सेंटाइल बघितला तर कळतं, पण तिने निवडलेल्या ॲग्रीच्या प्रोग्रॅमना चालणार होता आणि परत द्यायची गरज नव्हती.

मागून वडिलांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी सांगत होते, "१७० पैकी १६०, म्हणजे ९४ टक्के!" ती हळूच म्हणाली, "मॅडम, सांगू का त्यांना १३० चं?"

म्हटलं, राहू दे आज.