लिंबाचा वास कुठे गेला?

प्रश्न : मागील महिन्यात मी ‘स्पाइसबॉम्ब’ हा पुरुषांसाठीचा परफ्यूम घेतला. दुकानात कागदाच्या पट्टीवर फवारला तेव्हा लिंबासारखा ताजा वास आला आणि तो आवडला म्हणूनच बाटली घेतली. घरी मात्र अर्ध्या तासात दालचिनीचा वास येऊ लागतो आणि रात्री शर्ट काढताना तंबाखूचा. ‘मसाल्याचा डबा सांडलास का अंगावर?’ असे आईने विचारले. बाटली बनावट असेल का? सोलापूरच्या उन्हाळ्यात हा वापरावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बाटली पाहिल्याशिवाय तिच्या खरेपणाची ग्वाही देता येत नाही, परंतु आपण सांगितलेला क्रम मात्र संशय घेण्यासारखा नाही, कारण हा सुगंध याच क्रमाने उलगडावा अशीच त्याची रचना आहे. व्हिक्टर अँड रोल्फ या नाममुद्रेसाठी ऑलिव्हिए पोल्झ यांनी तो घडवला आणि २०१२ मध्ये तो हातबॉम्बच्या आकाराच्या बाटलीतून बाजारात आला. आरंभी बर्गमॉट व ग्रेपफ्रूट ही लिंबूवर्गीय फळे आणि गुलाबी मिरी, मध्ये दालचिनी व केशर, तळाशी तंबाखू, चामडे आणि आपला वाळा, असा त्याचा पट आहे. गुलाबी मिरी ही खरे तर मिरी नव्हेच. ती काजूच्या कुळातील एका दक्षिण अमेरिकी झाडाची फळे होत.

लिंबूवर्गीय तेलांतील द्रव्ये चटकन उडून जातात, मसाल्यांतील दालचिनी-लवंगेसारखी द्रव्ये त्याहून सावकाश उडतात आणि वाळ्यासारखी जड द्रव्ये कापडाला दुसऱ्या दिवसापर्यंत धरून राहतात. आपल्या घरी काळा मसाला होतो तेव्हा याचा अनुभव आपण घेतलाच असेल. त्यातले दगडफूल कोरडे असताना हुंगले तर जेमतेम वास येतो, पण गरम तेलात पडताच ते घरभर दरवळते आणि संध्याकाळी पडद्यांना जो वास उरतो त्यात त्याचा मोठा वाटा असतो. याच दगडफुलाचा युरोपातील एक भाऊबंद, ओकच्या झाडावर वाढणारा, पुरुषांच्या कित्येक सुगंधांचा तळ म्हणून दीर्घकाळ वापरला गेला आहे. तेव्हा आईंनी मसाल्याच्या डब्याचे नाव घेतले, त्यात त्यांच्या नाकाची चूक काढता येणार नाही. मसालेदार पुरुषी सुगंध ही काही नवी टूमही नाही. पुरुषांसाठीचे ‘ओल्ड स्पाइस’ १९३८ सालचे आहे.

चूक झाली ती खरेदीत. पट्टीवरचा पहिला वास हा सुगंधाचा सर्वांत अल्पायुषी भाग असतो आणि त्यावरच भाळून बाटली घेणे म्हणजे नुसती फोडणी हुंगून आमटीला दाद देणे होय. यापुढे परफ्यूम मनगटावर लावून घ्यावा, मनगटे एकमेकांवर घासू नयेत, बाजारातील इतर कामे उरकावीत आणि तीन तासांनी जो वास उरेल तो आवडला, तरच पैसे मोजावेत.

आता उन्हाळ्याविषयी. सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की तापलेल्या त्वचेवरून सारीच द्रव्ये भराभर उडू लागतात, त्यामुळे जो सुगंध जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत फिरताना मंद आणि उबदार वाटतो, तोच मे महिन्यात भरलेल्या एसटीत शेजाऱ्याचे डोके उठवतो. माझ्या मते एप्रिल-मेमध्ये हा परफ्यूम दिवसा लावूच नये. रात्री लग्नकार्याला जायचे असल्यास शर्टाच्या आत, छातीवर एकच फवारा पुरे. दाढी केल्याबरोबर गालांना किंवा गळ्याला मात्र कधीही लावू नये, कारण दालचिनी आणि लवंग यांतील सुगंधी द्रव्यांमुळे काही जणांच्या त्वचेवर पुरळ उठते. पांढऱ्या शर्टावर थेट फवारल्यास पिवळसर डाग पडू शकतो. बाटली खिडकीत किंवा मोटारीत न ठेवता कपाटात, अंधारात ठेवावी.