पोलोत साडेपाच गोल होतात कसे?

प्रश्न : मागच्या महिन्यात मेहुण्याकडे जयपूरला गेलो होतो, तिथं रामबागच्या ग्राउंडवर पोलोची मॅच बघितली. घोडे एक नंबर, बाकी सगळं डोक्यावरून. पंच सारखी शिट्टी का वाजवतात? गोल झाला की टीम बाजू का बदलतात? आणि बोर्डावर साडेपाच–पाच, म्हणजे अर्धा गोल मारतात कसा? आमचा मुलगा डावखुरा आहे, आता घोडा मागतोय.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अर्धा गोल कोणी मारत नाही हो, तो मॅच सुरू व्हायच्या आधीच मिळालेला असतो. प्रत्येक खेळाडूला उणे 2 ते 10 असा हँडिकॅप असतो, म्हणजे त्याच्या खेळाला दिलेला आकडा, जितका मोठा तितका गडी भारी; चौघांची बेरीज म्हणजे टीमचा. समजा एक टीम 8 ची, दुसरी 6 ची आणि मॅच 4 चकरची, म्हणजे 4 डावांची, तर फरक 2 गुणिले 4 भागिले 6 (हँडिकॅप 6 चकरच्या मॅचच्या हिशेबाने धरलेला असतो, म्हणून 6), म्हणजे एक आणि वर थोडं, ते थोडं अर्धा धरतात, की कमी हँडिकॅपवाल्यांना दीड गोल फुकट! चकर म्हणजे साधारण 7 मिनिटांचा डाव, आणि दर चकरला घोडा बदलतात, कारण तेवढ्यात जनावर घामाने निथळतं.

शिट्टीचं म्हणाल तर आपल्या नाशिकचा गर्दीचा द्वारका चौक डोळ्यासमोर आणा. मारलेला चेंडू ज्या रेषेत जातो तो झाला रस्ता, आणि चेंडू उजव्या हाताला ठेवून त्याच रेषेत जो मागून येतोय त्याचा हक्क पहिला. त्याच्या पुढ्यात आडवा घोडा घातला की फाउल. आपल्याकडे रिक्षावाला घुसतो तसं घुसलात तर ताशी 50 च्या आसपास पळणारे दोन घोडे एकमेकांवर आदळतील, म्हणून पंच एवढे कडक. पण शेजारी येऊन खांद्याला खांदा लावून त्याला रेषेबाहेर रेटलेलं चालतं, आणि तो मारायच्या बेतात असताना त्याच्या काठीत आपली काठी अडकवलेलीसुद्धा चालते. खरी मजा तिथंच, पुढच्या वेळी गोलपोस्टकडे कमी बघा!

बाजू बदलायचं कारण साधं, ऊन, वारा, खराब जमीन दोघांच्या वाट्याला सारखी यावी.

मुलाला घोड्यावर जरूर बसवा, पण काठी उजव्याच हातात धरावी लागेल, डाव्या हाताने खेळायला पोलोत बंदी आहे. डाव्या हातात लगाम असतो.